दोनशे चौदा नंबरची सतरा घरं

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आंबेवहाळ नगरपालिकेच्या नगराध्यक्षा माननीय लताबाई मते, व्यासपीठावर विराजमान माननीय मुख्याधिकारी साहेब, सर्व सभापती आणि सन्माननीय सदस्य, आजचे सत्कारमूर्ती आदरणीय बहिरू महादू गांगुर्डे, म्हणजे तुमचे-आमचे तात्या, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या मैनाकाकू, माझे सर्व सहकारी, आणि आजच्या कार्यक्रमासाठी एक दिवसाचा खाडा करून आलेल्या पेठ रस्त्याकडच्या वस्तीतल्या बंधू-भगिनींनो, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

माझ्या आधी पाच जण बोलले. तात्यांचा वक्तशीरपणा, त्यांची सायकल, छत्तीस वर्षांत त्यांनी न घेतलेल्या रजा, सगळं सांगून झालं. सूत्रसंचालकांनी मला चिठ्ठी पाठवली आहे, 'मॅडम, पाच मिनिटं.' अध्यक्षांची परवानगी घेऊन मी थोडी जास्त घेणार आहे. कारण मला जे सांगायचं आहे ते चार वर्षांपासून राहून गेलं आहे, आणि तात्या उद्यापासून ऑफिसला येणार नाहीत. मग कधी सांगायचं?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी सुवर्णा काठे, संगणक विभागात आहे. मूळची देवळाली कॅम्पची. वडील तिथे लष्कराच्या वर्कशॉपमध्ये सिव्हिलियन नोकरीत होते. दोन हजार तीन साली मी इथे अकरा महिन्यांच्या करारावर लागले. तेव्हा संगणक विभाग म्हणजे जन्म-मृत्यू नोंदणीच्या मागची खोली, तीन संगणक, आणि लोडशेडिंग झालं की चहा. कर विभागातले लोक आमच्या खोलीत चपला काढून यायचे. तात्या एकटे चपला घालून आले. मी सांगितलं, "तात्या, धूळ जाते मशीनमध्ये." ते म्हणाले, "मॅडम, मी दिवसभर धुळीतनंच फिरतो. आता तुमच्या मशीनला माझी सवय होऊ द्या." पण दुसऱ्या दिवसापासून चपला बाहेर.

तात्या कर विभागात वसुली लिपिक. घरपट्टीची बिलं वाटायची, पैसे जमा करायचे, पावत्या फाडायच्या. घर नंबर विचारला तर ते आकडा सांगायचे नाहीत. "तो? शेवग्याच्या झाडाचा." "ती? दारात शिवणयंत्र असलेली." त्यांची एक स्वतःची वही होती, तीत अशाच खुणा. आम्ही नवीन मुलं त्यावर हसायचो. आज कबूल करते.

आता मुद्द्यावर येते. दोन हजार चारच्या डिसेंबरात सर्वसाधारण सभेनं ठराव केला. ज्या कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न वीस हजारांच्या आत आहे त्याला घरपट्टी आणि पाणीपट्टी निम्मी माफ. चांगला ठराव होता. पण लाभार्थी ठरवायचे कोणी? पूर्वीचा अनुभव इथे बसलेल्या जुन्या माणसांना माहीत आहे. शहाण्णव साली अशीच एक सवलत निघाली होती आणि त्या यादीत दोन मजली घरांचे मालक होते. कोणाच्या ओळखीनं आले होते ते विचारू नका, समारंभ चांगला चालला आहे. त्यामुळे तेव्हाच्या मुख्याधिकारी साहेबांनी ठरवलं, यावेळी माणसाचा हात लागू द्यायचा नाही. अर्ज भरून घ्यायचे, संगणकात टाकायचे, संगणक ठरवेल. हा विचार मला आजही चुकीचा वाटत नाही. तात्यांनाही तेव्हा तो पटला होता. ते म्हणाले होते, "बरं झालं. निदान मशीन कोणाच्या घरी जेवायला जाणार नाही."

तो प्रोग्रॅम मी केला. मुंबई-पुण्याच्या कोणत्या कंपनीनं नाही, मी, एकटीनं, दीड महिन्यात.

त्यात एक अट होती. एकाच घरातले दोन भाऊ वेगवेगळे अर्ज करतात, प्रत्येक जण आपलं उत्पन्न कमी दाखवतो. तसं होऊ नये म्हणून एका घर नंबरावर जितके अर्ज येतील त्यांची उत्पन्नं संगणकानं एकत्र करायची आणि मग वीस हजारांची मर्यादा लावायची. अट साहेबांची, पण मलाही योग्य वाटली. आणि घर नंबर म्हणजे नंबर, म्हणून त्या रकान्यात मी फक्त आकडे घ्यायची सोय ठेवली.

जानेवारीत अर्ज टाकायला सुरुवात झाली. टायपिंगला दोन मुली होत्या. त्यातली शुभांगी, आज ती लग्न होऊन पंचवटीत असते, ती मला म्हणाली, "ताई, यात दोनशे चौदा भागिले क लिहिलंय. क घेत नाही हे."

मी कामात होते. मी मान वर न करता म्हणाले, "सोडून दे तो क. आकडा टाक फक्त."

ती परत आली. "ताई, दोनशे चौदावर लय अर्ज येतायत. ख आहे, ग आहे, घ आहे."

"अगं, टाक म्हटलं ना. एकतीस तारखेपर्यंत संपवायचंय."

हे संभाषण कालपर्यंत मी तात्यांखेरीज कोणाला सांगितलेलं नव्हतं.

मार्चअखेर निकाल लागला. चारशे बारा अर्ज संगणकानं एका दुपारीत तपासले. साहेबांनी पेढे वाटले. एका वर्तमानपत्राचा वार्ताहर येऊन माझा फोटो काढून गेला, तो फोटो अजून आईनं कॅम्पच्या घरी कपाटाला आतून चिकटवलेला आहे. ज्यांचे अर्ज नामंजूर झाले त्यांची पत्रं छापून निघाली. पत्रात तीन ओळी. 'आपला अर्ज नामंजूर करण्यात येत आहे. कारण क्रमांक सात. हे पत्र संगणकीय असल्याने स्वाक्षरीची आवश्यकता नाही.' कारण क्रमांक सात म्हणजे काय, ते पत्रात नव्हतं. ते ऑफिसच्या फळ्यावर लावलं होतं.

तात्यांनी सकाळी पत्रं पिशवीत घातली आणि गेले. संध्याकाळी त्यांतली एकसष्ट पत्रं परत घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये उभे राहिले. मी तिथेच होते, साहेबांना कसली तरी प्रिंट दाखवत होते.

"साहेब, ही वाटता येणार नाहीत."

"का? दारं बंद होती?"

"दारं उघडी होती. ही माणसं मला माहिती आहेत. यांना नाही मिळत, तर मग कोणालाच मिळायला नको."

साहेब शांतपणे म्हणाले, "गांगुर्डे, संगणकानं ठरवलंय ते."

"ठरवू द्या. पण सही कोणाची आहे खाली?"

"सही लागत नाही. वाचा, लिहिलंय."

तात्या म्हणाले, "वाचलं, साहेब. बिनसहीचा कागद मी आजपर्यंत कोणाच्या हातात दिला नाही. उद्या ती बाई मला विचारील, कोणी नाही म्हटलं? तर मी कोणाचं नाव सांगू?"

साहेबांना राग आला. येणारच. दुसऱ्या दिवशी पत्रं शिपायाकडून वाटली गेली आणि तात्यांच्या टेबलावर 'कारणे दाखवा' आली. कामात कसूर, वरिष्ठांच्या आदेशाची अवज्ञा. आणि मी? मी मनात म्हणाले, म्हातारा हट्टी आहे, त्याला नवीन काही नको असतं.

आता ठमाबाईंबद्दल बोलते. त्या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. त्यांना विचारून सांगते आहे. ठमाबाई हरसूलकडच्या. नवरा गेल्यावर दोन मुलींना घेऊन आपल्या गावात आल्या आणि पेठ रस्त्याकडच्या मळ्यांत शेवंती, झेंडू तोडायला जायला लागल्या. राहायला दोनशे चौदा नंबरात. एक खोली, वर पत्रा, दारात स्वतःच्या पैशानं घेतलेला नळ. सवलतीचा अर्ज केला तेव्हा त्यांना खिडकीवर सांगितलं, निकाल लागेपर्यंत यंदाचं बिल भरू नका, निम्मंच भरायचं येईल. त्यांनी ऐकलं. नंतर पत्र आलं, अर्ज नामंजूर, महिनाभरात पूर्ण बिल भरा.

त्या ऑफिसला आल्या. या खिडकीवरून त्या खिडकीवर करत माझ्यापर्यंत पोचल्या. मी त्यांचा नंबर टाकला आणि पडद्यावर आलं ते वाचून दाखवलं. "कुटुंबाचं उत्पन्न तीन लाख चार हजार."

त्यांनी वाकून पडद्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "बाई, एवढे पैसे माझ्या घरात हायेत, तर कुठं ठेवलेत तेवढं बी तुझ्या मशीनला विचार."

मागे रांगेतले लोक हसले. मीही हसले. आणि मी काय उत्तर दिलं? "आजी, कॉम्प्युटरमध्ये तसंच आहे. मी काही करू शकत नाही." आपण सगळे खिडकीत बसणारे आहोत. हे वाक्य आपण दिवसातून किती वेळा बोलतो? मी तर त्या दिवशी ते बोलून डबा खायला गेले.

मे महिन्यात थकबाकीदारांचे नळ तोडायची मोहीम निघाली. दोनशे चौदा नंबरातले पाच नळ तोडले. त्यात ठमाबाईंचा.

त्या आठवड्यात तात्या माझ्या खोलीत आले. चपला बाहेर काढून. "मॅडम, रविवारी मोकळ्या आहात का? तासभर चला माझ्याबरोबर. चहा माझ्याकडून." मला वाटलं, नोटिशीच्या उत्तरासाठी माझी साक्ष हवी असेल. खरं सांगते, टाळायचा विचार होता. पण गेले. कॅम्पवरून पहिली बस पकडली, नाशिकला बदलली आणि सकाळी साडेआठला आंबेवहाळच्या नाक्यावर उतरले.

तात्यांनी मला एका गल्लीच्या तोंडाशी उभं केलं. पूर्वी तो एका मळेवाल्याचा पडीक तुकडा होता. कागदोपत्री एकच मिळकत, नंबर दोनशे चौदा. मळेवाल्यानं कामाला येणाऱ्या लोकांना दोन-दोन, तीन-तीन खणांची जागा विकली, कोणी भाड्यानं दिली. नगरपालिकेनं मूळ नंबर तोच ठेवून पोटनंबर दिले, क, ख, ग असे. तात्या काहीच समजावत नव्हते. ते फक्त एकेका दाराशी थांबायचे आणि चौकटीवर ऑइलपेंटनं लिहिलेलं मला वाचायला लावायचे. दोनशे चौदा क. दोनशे चौदा ख. पुढे ग, घ. सातव्या-आठव्या दाराशी मी दारं मोजायला लागले. सतरा दारं होती. सतरा चुली. एकाहत्तर माणसं. आणि माझ्या संगणकाच्या लेखी ते एक कुटुंब होतं, एका घरात राहणारं, वर्षाला तीन लाख चार हजार मिळवणारं.

शेवटून तिसरं दार ठमाबाईंचं. त्यांनी मला ओळखलं. 'ही तीच ना?' असं तात्यांना डोळ्यांनी विचारलं. तात्या म्हणाले, "हो. बघायला आलीय." त्यांनी पोतं अंथरलं आणि मला तांब्याभर पाणी दिलं. मी प्यायले. मग लक्षात आलं, दारातला नळ तोडलेला आहे. विचारलं तर म्हणाल्या, "यशोदाबाई देती दोन हंडे, तिचा नळ हाय अजून. बाकीचं मळ्यातनं आणते. सवय होती की हरसूलला. पोरी तेवढ्या कुरकुर करतात." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. निदान एखादी शिवी तरी हासडायची होती, मला सोपं गेलं असतं.

येताना मी तात्यांना सगळं सांगितलं. शुभांगी दोनदा विचारायला आली होती तेही सांगितलं. नाक्यावरच्या टपरीत बसून मी रडले. लोक बघत होते. तात्यांनी मला रडू दिलं, आणि मग एकच प्रश्न विचारला. "दुरुस्त करायला किती दिवस लागतील?"

"दोन. पण तात्या, माझा करार एकतीस मेला संपतोय. हे कळलं तर साहेब नवीन करणार नाहीत."

"मग आधी दुरुस्त करा. कोणाचं चुकलं ते मी बघतो."

त्या दोन दिवसांत मी रकाना बदलला, सगळ्या नोंदवह्या काढून पोटनंबर पुन्हा टाकले. तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली, ती मी आज मुद्दाम सांगते. एकसष्ट पत्रं तीन ठिकाणची होती. दोनशे चौदा, सत्त्याऐंशी आणि तीनशे नऊ. तिन्ही ठिकाणी गरीब वस्ती. बंगल्याला पोटनंबर नसतो, प्लॉटवाल्या घराला नसतो. एका जागेत दहा चुली मांडायची वेळ ज्यांच्यावर येते त्यांच्याच दारावर क, ख, ग असतं. म्हणजे ज्यांच्यासाठी ती योजना होती, नेमके तेच माझ्या रकान्यातून गळले. कोणाचा वाईट हेतू नव्हता. साहेबांचा नव्हता, माझाही नव्हता. तरी तसं झालं.

नवीन निकालात एकसष्टपैकी चोपन्न अर्ज मंजूर झाले. सात नामंजूरच राहिले आणि ते योग्य होते, तात्यांनीही मान्य केलं. ठमाबाईंचा नळ तेविसाव्या दिवशी जोडला. नळजोडणीचा आकार मात्र त्यांच्याकडून घेतला गेला आणि तो परत करायची तरतूद नियमात सापडली नाही. सत्त्याऐंशी नंबरातलं एक कुटुंब तोवर घर बंद करून पेठला लेकीकडे निघून गेलं होतं. त्यांचं मंजुरीचं पत्र परत आलं. ते अजून माझ्या कपाटात आहे.

आणि 'कोणाचं चुकलं' याचं काय झालं? तात्यांनी आपल्या खुलाशात लिहिलं, 'संगणक विभागास मिळकतींची माहिती देताना पोटनंबरांची बाब सांगणे माझ्याकडून राहून गेले.' असं काही झालेलंच नव्हतं. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. मी त्यांच्याशी भांडले. ते म्हणाले, "सुवर्णाताई, मी कायम नोकरीतला माणूस आहे, मला कोणी काढत नाही. तुम्हाला काढलं तर ते मशीन उद्या परत चुकल्यावर कोण बघणार? तुम्ही आता एकदा ती गल्ली बघितलीय. नवीन येणाऱ्यानं बघितलेली नसेल."

त्यांची एक वेतनवाढ कायमची रोखली. माझा करार नवीन झाला. पुढे दोन हजार सहाच्या भरतीत मी कायम झाले. मैनाकाकू, तुम्हाला हे आज पहिल्यांदा कळतंय, हे तुमच्या चेहऱ्यावरून दिसतंय मला. तात्या, तुम्ही हातानं 'पुरे' म्हणू नका. आज मी थांबणार नाही.

त्या वर्षी तात्यांनी मुख्याधिकाऱ्यांना चार ओळींचं एक टिपण दिलं होतं, ते सांगते. 'संगणकाने हो म्हटल्यास ते मान्य करावे. संगणकाने नाही म्हटल्यास पत्र काढू नये. कर्मचाऱ्याने घरी जाऊन पाहावे. मग नाही म्हणायचे असल्यास त्याने कारण लिहून खाली सही करावी.' साहेबांनी त्यावर काही लिहिलं नाही, पण नाकारलंही नाही. मी प्रोग्रॅममध्ये तसा बदल केला. आज आपला संगणक कोणालाही 'नामंजूर' म्हणत नाही. तो छापतो 'पाहणी करावी', आणि खाली सहीची जागा सोडतो. गेल्या चार वर्षांत त्या जागेवर सर्वांत जास्त सह्या तात्यांच्या आहेत. त्यांनी नाहीही म्हटलं आहे, बऱ्याच जणांना. त्यातले दोघं-तिघं आज हार घेऊन आले आहेत.

मंडळी, ही सगळी हकिगत मी काल लिहून काढली. शुभांगीनं मला दोनदा विचारलं होतं, मी दोनदा टाळलं, आणि शिक्षा गांगुर्डे यांना झाली, असं स्पष्ट लिहिलं आणि व्यासपीठावर बसलेल्या आपल्या आत्ताच्या मुख्याधिकारी साहेबांना नेऊन दिलं. साहेबांनी दोनदा वाचलं. मला म्हणाले, "इतक्या वर्षांनी कशाला? तुमच्या सेवापुस्तकात नोंद होईल." मी म्हणाले, "व्हावी, साहेब. त्यांचं पेन्शन त्या एका वेतनवाढीनं कमी बसणार आहे." साहेबांनी अर्ज आवक शाखेकडे पाठवला. त्याला क्रमांक पडला आहे. पुढे काय होईल मला माहीत नाही. फेरविचार होतो की नाही, वेळ गेली म्हणून कागद बाजूला पडतो, हे नियमावर आहे. पण कागद आत आहे आणि त्याच्या खाली सही आहे. माझी.

तात्या, उद्यापासून तुम्ही घरी. मैनाकाकू म्हणत होत्या, तुम्हाला घरी बसवत नाही. तर नाक्यापर्यंत येत जा, ऑफिसपर्यंत या. नवीन दोन मुलं लागली आहेत कर विभागात, ज्ञानेश आणि तेजल. त्यांना मी पुढच्या रविवारी बोलावलं आहे. सत्त्याऐंशी नंबरापासून सुरुवात करणार आहे. तुम्ही आलात तर दारं ओळखायला सोपं जाईल, नाही आलात तर आम्ही चौकटी वाचत जाऊ.

मला बोलायची संधी दिली याबद्दल अध्यक्षांचे, आयोजकांचे आणि चिठ्ठीवर चिठ्ठी पाठवून शेवटी हात टेकलेल्या सूत्रसंचालकांचे मनापासून आभार. आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, तुमचेही आभार. बोलताना कोणाचं नाव राहिलं असेल, मान देण्यात काही कमी-जास्त झालं असेल, एखादा शब्द कोणाला लागला असेल, तर तेवढं मोठ्या मनानं पोटात घाला. दोनशे चौदा नंबरचं मात्र पोटात घालू नका. ते माझ्या नावावर राहू द्या.

नमस्कार.